इंदूरच्या गॅलरीत वर्षावनातली झाडं: पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

माझी पहिली कॅलेथिया मे महिन्यात गेली. नर्सरीतून आणली तेव्हा पानांवर मोरपिसासारखी नक्षी होती. आठ दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, उन्हाळा आहे, तहानली असेल. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. पंधरा दिवसांनी कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडून कुजलेली, हाताला लागताच सालटं निघून येत होती. झाड वरून वाळत होतं आणि खालून सडत होतं, दोन्ही एकाच वेळी.

नंतर कळलं की इंदूरात नव्याने ही झाडं लावणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. वर्षावनातल्या झाडाला ओली हवा आणि मोकळी माती लागते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी, आणि कुंडीत भरलेली काळी माती चिकट. म्हणजे त्याला जे हवं त्याच्या नेमकं उलट. पण पावसाळ्याचे चार महिने इंदूरची हवा या झाडांना मानवते, त्या काळात ती अक्षरशः डोळ्यांदेखत वाढतात. म्हणून पहिल्या वर्षाचं काम एवढंच: मृगात सुरुवात करायची, चार महिन्यांत झाडाला मुळं धरू द्यायची, मग थंडी आणि ऊन यांतून त्याला पार न्यायचं.

आधी जंगल कसं असतं ते बघा

महूच्या पुढे पातालपाणी किंवा चोरलकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सागाची झाडं उघडी दिसतात. पाणी कमी झालं की पानं टाकून द्यायची, ही आपल्या जंगलाची युक्ती. वर्षावनातल्या झाडाला ती येत नाही, कारण गरजच पडली नाही. तिथे वर्षाला साधारण २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बऱ्याच महिन्यांत वाटून पडतो. इंदूरात ९००-१००० मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तिथलं तापमान बाराही महिने २० ते ३२ अंशांच्या आतबाहेर खेळतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे १०च्या खाली उतरतो.

प्रकाशाचंही तसंच. उंच झाडांच्या छतातून गाळून गाळून जमिनीपर्यंत पोचतो तो वरच्या उन्हाचा एक-दोन टक्केच. घरात ठेवतो त्यातली बरीच झाडं या अंधाऱ्या तळाची किंवा खोडावर चढणारी आहेत. म्हणूनच ती आपल्या खोल्यांत जगू शकतात. आणि माती? बऱ्याच वर्षावनांत ती पातळ आणि निकस असते. पडलेला पाला लगेच कुजतो, त्यातलं सत्त्व मुळं तिथल्या तिथे ओढून घेतात. कित्येक ऑर्किड आणि फर्न तर मातीला शिवतही नाहीत. झाडाच्या सालीवर बसून पाऊस आणि हवेतली ओल यांवर जगतात. अशा झाडाला काळ्या मातीच्या गोळ्यात रोवलं की त्याचा श्वास कोंडणारच.

अशी जंगलं परदेशातच आहेत असं नाही. सह्याद्रीच्या दक्षिण भागात ती आहेत, आणि आपल्या मिसळणाच्या डब्यातली मिरी आणि वेलची मूळची तिथलीच.

जागा ठरवा, मग झाड आणा

बहुतेक जण झाड आणतात आणि मग जागा शोधतात. क्रम उलटा करा. दुपारी बारा-एकच्या सुमारास ठरवलेल्या जागी पांढरा कागद धरा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात ठेवा. सावलीची कड सुरीसारखी धारदार दिसली तर ऊन जास्त आहे. कड मऊ, पण पंजा ओळखू येतोय, तर जागा उत्तम. सावली पडतच नसेल तर तिथे मनी प्लांट तग धरेल, वाढणार मात्र नाही.

पूर्वेची गॅलरी सगळ्यांत चांगली, सकाळचं कोवळं ऊन या झाडांना सोसतं. उत्तरेची खिडकीही चालते. पश्चिमेची गॅलरी असेल तर हिरवी जाळी लावल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि जाळी ७५ टक्के सावलीची घ्या. ५० टक्क्यांची जाळी आपल्या एप्रिलला पुरत नाही. शिवाय पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री दहापर्यंत धग टाकत असते. कुंड्या तिच्यापासून हातभर लांब ठेवा.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते एक घ्या आणि कुंड्यांच्या शेजारी टांगा. आपल्याला कोरडेपणा जाणवतो तो ओठ फुटले की. झाडाला त्याच्या खूप आधी जाणवतो. या झाडांना ६०-७० टक्के आर्द्रता आवडते, ५०वर बरीचशी तडजोड करतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी यंत्र २०च्या आसपास दाखवतं. हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिलात की कडा का जळतात ते कुणाला विचारावं लागत नाही.

कोणती झाडं, आणि कोणत्या क्रमाने

पहिल्या पावसाळ्यात तीनच घ्या: मनी प्लांट, सिंगोनियम आणि पीस लिली.

मनी प्लांट इतका घराघरांत आहे की तो रानातला आहे हेच आपण विसरलो. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरचा हा वेल. बाटलीत किंवा लोंबत ठेवला की पानं तळहाताएवढी राहतात. तोच वेल काथ्याच्या दांड्यावर किंवा झाडाच्या खोडावर चढवला की पानं ताटाएवढी होऊ लागतात. आंब्याच्या खोडावर चढलेला मनी प्लांट तुम्ही कुठल्या तरी जुन्या वाड्याच्या अंगणात नक्की पाहिला असेल. वर्षावनातल्या वेलाला ‘वर’ म्हणजे काय हे कळतं, आणि वर चढायला मिळालं की तो मोठा होतो. ही गोष्ट एका साध्या वेलावर बघून झाली की पुढची महागडी झाडं समजायला सोपी जातात.

पीस लिली घ्यायची ती शिकण्यासाठी. तहान लागली की ती सगळी पानं खाली टाकते, पाणी घातलं की काही तासांत उभी राहते. पाणी कधी घालायचं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं झाड मला माहीत नाही. फक्त तिला रोज रोज कोसळू देऊ नका.

हे तिन्ही एक हिवाळा आणि एक उन्हाळा पार करून गेले की अॅग्लोनिमा आणि मॉन्स्टेरा आणा. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातली. लहान रोपाच्या पानांना भोकं नसतात, त्यामुळे फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका. रोप वाढेल, दांड्यावर चढेल, तशी पानं फाटत जातात. तिची हवेतली मुळं लोंबायला लागली की कापू नका. ती ओल्या काथ्यात वळवा.

अँथुरियम, बर्ड्स नेस्ट फर्न आणि कॅलेथिया ही तिसऱ्या पावसाळ्याची झाडं. कॅलेथियाची पानं संध्याकाळी मिटून उभी राहतात आणि सकाळी पसरतात. ते बघायला मिळावं म्हणून धीर धरणं मला तरी पटतं.

आणि दोन वेल आपल्या घरात असावेतच: नागवेल आणि मिरी. नागवेलीला सावली, ओल आणि आधार हवा; पानमळे आच्छादनाखाली करतात ते याचसाठी. सत्यनारायणाला पान घरचं निघतं, तेव्हा आजी-आजोबा असलेल्या घरात तिची काळजी सगळे मिळून घेतात, हा वेगळा फायदा. मिरीचं रोप बी पेरून करण्यापेक्षा मुळं फुटलेलं कलम घ्या. कुंडीतली मिरी मिसळणाचा डबा भरणार नाही, पण हिरव्या मिरीचे दोन-चार घोस लागले तरी लोणच्याच्या छोट्या बरणीपुरते होतात.

एक महत्त्वाची सूचना. मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, अॅग्लोनिमा, पीस लिली, अँथुरियम ही सगळी अळूच्या कुळातली. अळू कच्चा खाल्ला की घसा खवखवतो, त्यामागे जे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे कण असतात तेच यांच्या पानांत आणि चिकात आहेत. रांगतं बाळ, मांजर, कुत्रा घरात असेल तर कुंड्या उंचावर ठेवा, आणि छाटणी केल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

नर्सरीत काय बघायचं

जूनअखेर ते ऑगस्ट हा खरेदीचा काळ. मेमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी. यातली बरीच रोपं दमट गावांतल्या हरितगृहांतून ट्रकने आलेली असतात. आपल्या हवेची त्यांना सवय नसते, मग आठवड्याभरात दोन पानं पिवळी पडतात. तेवढ्याने घाबरू नका.

पिशवी उचलून खालच्या भोकांतून डोकवा. पांढरी किंवा फिकट मुळं दिसली तर घ्या, आंबूस वास आला तर ठेवून द्या. पानांची मागची बाजू आणि देठाचे बेचके तपासा. कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, आणि तो एकटा घरी येत नाही. फुलांपेक्षा नव्या पानाची सुरळी महत्त्वाची. सुरळी आहे म्हणजे झाड चालतं आहे.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून दूर, सावलीत, जसं आणलं तसंच राहू द्या.

माती नव्हे, मिश्रण

इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. इंदूरच्या नर्सरीत कुंडी भरून मागितली की काळी माती आणि शेणखत निम्मं निम्मं भरून मिळतं. गुलाबाला ते चालेल. मालव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. फुगली की मुळांजवळची हवा जाते, फाटली की नाजूक मुळं तुटतात. आणि कुंडीच्या कडेने पडलेल्या भेगेतून पाणी सरळ खाली निघून जातं. आपण समाधानाने पाणी घालतो आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

माझं मिश्रण असं: दोन वाटे नारळाच्या सालीचे तुकडे, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटा चांगलं कुजलेलं कंपोस्ट, एक वाटा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), आणि अर्धा वाटा लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे. पर्लाइट मिळालं नाही तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चाळून, धुऊन घ्या. कोकोपीटची वीट आधी बादलीत भिजवून दोन-तीन पाण्यांत धुवा, कारण त्यात क्षार असू शकतात. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा, मूठ उघडा. ढेकूळ सुटून मोकळं झालं पाहिजे. गोळा तसाच राहिला तर सालीचे तुकडे वाढवा.

कंपोस्ट विकत घ्यायची गरज नाही, इंदूरात तर नाहीच. ओला कचरा वेगळा काढायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. आणि कंपोस्टच्या एका पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ते याच गावामुळे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी काम करत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत बसवली: शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, ओल सांभाळायची, ठरावीक दिवसांनी वरखाली करायचं, तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१मध्ये त्यांनी ती छापून जगापुढे ठेवली. गॅलरीत आपण हेच लहान प्रमाणात करतो. भोकं पाडलेल्या डब्यात भाजीची देठं आणि सालं, त्यावर तेवढाच सुका पाला, मूठभर जुनं कंपोस्ट, आठवड्यातून एकदा हलवायचं. रंग काळसर आणि वास पहिल्या पावसासारखा आला की तयार. अर्धवट कुजलेलं खत मात्र कुंडीत घालू नका, ते तिथे तापतं आणि मुळं भाजतात.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटंच मोठी घ्या. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण माठासारखी झिरपत राहते. मेमध्ये ती सकाळी भरलेली संध्याकाळी कोरडी. या झाडांसाठी मी प्लॅस्टिकची भोकं असलेली कुंडी वापरते आणि ती मातीच्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवते.

पाणी

वेळापत्रक नको, बोट वापरा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसा. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून वाहेपर्यंत घाला, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज थोडंथोडं घालणं ही सगळ्यांत वाईट सवय.

नळाला येणारं नर्मदेचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून सकाळी घाला, म्हणजे त्यातला मोकळा क्लोरीन बराच उडून जातो. बोअरिंगचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरं कवच धरतं आणि कॅलेथियाची टोकं जळतात. तसं दिसलं तर महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून मिश्रण धुऊन काढा. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावलंत तर काहीच प्रश्न उरत नाही. या झाडांना पावसाच्या पाण्याइतकं दुसरं काही मानवत नाही.

खत जून ते ऑक्टोबरच. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, मिश्रण आधीच ओलं असताना. निकस जागी वाढलेली झाडं आहेत ही, त्यांना जास्त खत बाधतं.

हवा

बाटलीने पानांवर पाणी फवारायचं, हा उपाय सगळे सांगतात. फवारा उडाला की दहा-पंधरा मिनिटांत यंत्रावरचा आकडा पुन्हा होता तिथे येतो, मी बघितलं आहे. पानांवरची धूळ जाते, तेवढ्यासाठी फवारा. हवेसाठी दुसरे मार्ग आहेत.

एक म्हणजे कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा. पानं स्वतःच हवेत बाष्प सोडतात, आणि दहा कुंड्यांच्या घोळक्यात हवा एकट्या कुंडीपेक्षा ओलसर राहते. दुसरा आपल्या घरातलाच: कूलर. वाळ्याचा असो वा लाकडाच्या भुश्श्याचा, कूलर हवेत पाणीच मिसळतो. उन्हाळ्यात झाडं कूलरच्या खोलीत हलवा, पण झोताच्या समोर नाही, बाजूला. आणि खिडकी थोडी उघडी असू द्या. एसी हवा सुकवतो, त्या खोलीत ही झाडं ठेवू नका.

तिसरा मार्ग काचेचा. १८२९च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्यात फर्नचं रोप उगवलं आणि बाहेरच्या धुरकट हवेत जे जगत नव्हतं ते आत जगलं. पुढे अशा काचपेट्यांतून झाडं जहाजांनी समुद्रापार गेली. घरात माशांची जुनी टाकी पडून असेल तर तळाशी खडे, त्यावर कोळसा, त्यावर मिश्रण घालून त्यात लहान फर्न आणि छोट्या जातीची कॅलेथिया लावा, वर काच ठेवा. थेट ऊन मात्र पडू देऊ नका, आत भट्टी होते.

सणांप्रमाणे वर्ष

मृग ते गणपती: लावणी, कुंडीबदल, फांद्या लावणं सगळं याच काळात. झाडं बाहेर ठेवा, पण धो धो पावसात कुंडीत पाणी साचत नाही ना ते बघा.

दसरा-दिवाळी: ऊन तिरकं होऊन गॅलरीत आत शिरतं, जागा पुन्हा तपासा. या दिवसांतल्या थंड रात्री एका झाडाला फार उपयोगी, फॅलेनॉप्सिस ऑर्किडला. महिना-दीड महिना हवा थोडी गार राहिली की ते फुलाचा दांडा काढतं. मालव्याची रात्र त्याला हे फुकट देते. ऑर्किड लावायचं असेल तर मिश्रणही नको, नुसते सालीचे तुकडे आणि कोळसा. मुळं हिरवी दिसली तर ओली आहेत, चांदीसारखी पांढरट झाली की पाणी. आणि ऑर्किड नेहमी रोपवाटिकेतलंच घ्या. सह्याद्रीत सहलीला जाऊन झाडावरची सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानटी ऑर्किड, ओरबाडून आणू नका. ती इथे जगत नाही आणि तिथलीही जाते.

दिवाळीनंतर ते संक्रांत: रात्री पारा १५च्या खाली जाऊ लागला की कॅलेथिया, अँथुरियम, अॅग्लोनिमा घरात. १२च्या खाली बाकीचीही. थंडीने पानांवर पाण्याने भिजल्यासारखे गडद डाग पडतात, ते भरून येत नाहीत. या काळात पाणी निम्म्याने कमी, तेही सकाळी दहानंतर, खोलीच्या तापमानाचं. टाकीतलं बर्फासारखं पाणी मुळांवर ओतू नका. झाड वाढत नाही म्हणून खत देऊ नका, ते झोपलेलं आहे.

रंगपंचमी: राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली की दुसऱ्या दिवशी जाळी बांधायची, मी हीच खूण धरते. मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाडं आत, कूलरच्या खोलीत, घोळक्याने. याच कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो. पानं धुरकट, ठिपकेदार दिसतात आणि मागे बारीक जाळं असतं. दर रविवारी पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसलीत तर तो सहसा ठरत नाही. आलाच, तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब, चांगलं घुसळून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. पिठ्या ढेकणालाही हेच, आधी ओल्या कापसाने पुसून घेऊन.

मेमध्ये एखादं झाड पानं टाकून नुसतं खुंट उरेल. लगेच फेकू नका. खोड दाबून बघा, घट्ट असेल तर सावलीत ठेवा, बोटभर ओल सांभाळा आणि पावसाची वाट पाहा. माझं एक अॅग्लोनिमा असंच दीड महिना काठीसारखं उभं होतं. जूनच्या शेवटी जमिनीलगत सुरळी आली.

ती सुरळी दिसली की तुमचा हात नक्की पुढे जाईल. पान हळूच उलगडायला मदत करावी असं वाटतं. करू नका. सुरळीतलं पान ओल्या कागदासारखं असतं, बोटाने उघडलं तर फाटतं आणि ती चीर पान गळेपर्यंत तशीच राहते. अडकलंय असं वाटलं तर सकाळी त्याच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा आणि बाजूला व्हा.